उल्हास खोऱ्याचा डोंगरपट्टा आणि तेथील माणसे



दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात राहणाऱ्या क्वेचुआ भाषिकांची ओळख करून द्यावी, असा मूळ विचार होता. आपुरिमाक, आयाकुचो, कुस्को ही पेरू देशातील नावे नकाशावर शोधून झाली, टिपणेही काढून झाली. परंतु ते लिहिता लिहिता आमच्या ध्यानात आले, की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील आपले बहुसंख्य वाचक रोज सकाळी लोकलच्या खिडकीतून जो डोंगर पाहतात, त्यावर कोण राहते हे त्यांना सांगता येणार नाही. मलंगगडचा सुळका आणि चंदेरीचा उभा कातळ सर्वांच्या ओळखीचे आहेत. त्यांच्या पायथ्याशी आणि पदरावर राहणाऱ्या माणसांना मात्र आपण ‘आदिवासी’ हा एकच शब्द लावून मोकळे होतो. म्हणून या वेळी अँडीजचा आधार घेऊन आपल्याच डोंगराकडे वळावे, असे आम्ही ठरविले.

क्वेचुआ हा शब्द आज भाषेसाठी वापरला जातो. पण अँडीजमध्ये तो उंचीच्या एका पट्ट्याचेही नाव आहे. समुद्रसपाटीपासून साधारण २,३०० ते ३,५०० मीटर उंचीवरील समशीतोष्ण खोरी म्हणजे ‘क्वेचुआ’ प्रदेश. तेथे मका पिकतो. त्याच्या वर ‘सुनी’, तेथे बटाटा. आणि ४,००० मीटरांच्या वर ‘पुना’ नावाचे गवताळ पठार, जेथे लामा आणि आल्पाका चरतात. एकाच गावाची शेती या तिन्ही पायऱ्यांवर विखुरलेली असते. डोंगराळ मुलुखात कोण कोठे राहतो हे कळले, की तो कसा जगतो हे अर्धे कळते, एवढे या उदाहरणावरून घेण्यासारखे आहे. आपला डोंगर अँडीजच्या मानाने अगदी ठेंगणा. माथेरानची उंची जेमतेम ८०० मीटर. तरीही पायऱ्यांचा हा हिशेब येथे तंतोतंत लागू पडतो.

नदी आणि डोंगर

उल्हास नदीचा उगम खंडाळा-राजमाचीच्या परिसरात, बोरघाटाच्या तोंडाशी होतो. तेथून ती कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर अशी उत्तरेकडे वाहत येते, अंबरनाथ आणि उल्हासनगरला वळसा घालून कल्याणला पोचते आणि पुढे पश्चिमेला वळून वसईच्या खाडीत समुद्राला मिळते. तिची एकूण लांबी १२० किलोमीटरांच्या आसपास आहे. पूर्वेला सह्याद्रीची मुख्य भिंत: सिद्धगड, गोरखगड, भीमाशंकर. पश्चिमेला मुख्य रांगेपासून सुटलेली एक वेगळी ओळ: मलंगगड, तावली, चंदेरी, नाखिंद, पेब आणि माथेरान, तिच्या पलीकडे प्रबळगड आणि इर्शाळगड. या दोन भिंतींमधील पन्हाळीत आपली तिन्ही शहरे, त्यांची स्थानके आणि कारखाने वसलेले आहेत.

हा सर्व खडक ज्वालामुखीचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले आणि त्यांतून दख्खनचे पठार तयार झाले. पावसाने व नद्यांनी ते पठार झिजविले आणि कठीण भाग सुळक्यांच्या रूपाने उरले. या थरांच्या रचनेमुळे डोंगराला मध्ये मध्ये सपाट पट्टे लाभले आहेत. त्यांना कोठे ‘पदर’ म्हणतात, तर कोठे ‘माची’. वर कडा आणि खाली उतार, मध्ये थोडी माती व एखादा झरा, अशा ठिकाणी वस्ती होऊ शकते आणि ती झालेलीही आहे.

पाऊस येथे विपुल. माथेरानला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या घरात तो पडतो. तरीही काळा खडक पाणी फार काळ धरून ठेवीत नाही. दिवाळीनंतर ओढे आटू लागतात, आणि होळीच्या सुमारास वाडीवरच्या बाईला हंडा घेऊन उतार उतरावा लागतो. ज्या डोंगरातून शहराचे पाणी येते, त्याच डोंगरावर उन्हाळ्यात पाणी नसते. हे दृश्य ज्यांनी एकदा पाहिले आहे, त्यांना नळ उघडताना ते आठवल्यावाचून राहत नाही.

उन्हाळ्यात उल्हास नदी वाहती राहते, त्यामागे आणखी एक गोष्ट आहे. ती आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मावळात आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण आहे. आंद्रेचे पाणी निसर्गतः इंद्रायणीत, तेथून भीमेत आणि अखेरीस कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जावयाचे. टाटा कंपनीने १९२२ मध्ये भिवपुरी येथे वीजनिर्मिती सुरू केली, तेव्हा ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खाली आणले गेले. वीज निर्माण झाल्यावर ते उल्हासच्या खोऱ्यात सोडले जाते. पावसाळ्याखेरीजच्या दिवसांत बदलापूर ते शहाडदरम्यान नदीतून जे पाणी उचलले जाते, त्यात घाटापलीकडच्या या पाण्याचा मोठा वाटा आहे.

वालधुनी ही या खोऱ्यातील दुसरी नदी. ती अंबरनाथजवळ काकोळेच्या डोंगरांत उगम पावते. तिच्या काठी शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर उभे आहे. ज्या नदीकाठी असे मंदिर उभारावेसे वाटले, ती नदी पुढे कारखान्यांच्या सांडपाण्याने काळी झाली. २०१४ मध्ये तिच्यात रसायने ओतली गेल्यामुळे उल्हासनगरात शेकडो लोकांना वायुबाधा झाली होती. डोंगरात ती आजही ओढ्यासारखी स्वच्छ उतरते.

शहरे

उल्हासनगरचे नाव या नदीवरून आले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्करी छावण्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्यांत आश्रय मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली. आजही पत्ता सांगताना लोक ‘कॅम्प’चा क्रमांक सांगतात. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती. बदलापूरची हीच संख्या २००१ मध्ये एक लाखाच्याही आत होती, हे लक्षात घेतले म्हणजे शहर किती वेगाने डोंगराच्या दिशेने सरकत आहे याची कल्पना येते.

बदलापूर हे एकेकाळी खेडेच होते. न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले ना. गो. चापेकर यांनी १९३३ मध्ये ‘बदलापूर’ हा ग्रंथ लिहून आपल्या गावाचा साद्यंत अभ्यास मराठीत मांडला. एका खेड्याकडे इतक्या बारकाईने पाहणारे पुस्तक त्या काळी मराठीत नवलाईचेच होते. पुढे १९६० मध्ये ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकूर समाजाविषयीचा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. आपल्या डोंगराची अशी दखल घेतली गेलेली आहे. ती वाचावयाची आपण विसरलो, एवढेच.

वरच्या पायरीवर ठाकूर

आता माणसांकडे येऊ. या डोंगरपट्ट्यात मुख्यतः दोन आदिवासी समाज राहतात, आणि ते एकमेकांहून बरेच निराळे आहेत. ठाकूर, ज्यांना बोलण्यात ठाकर म्हणतात, ते वरच्या पायरीवरचे. डोंगराच्या पदरावर, झऱ्याच्या आसऱ्याने त्यांच्या वाड्या असतात. ‘ठाकूरवाडी’ या नावाच्या वस्त्या कर्जत, खालापूर, पनवेल, अंबरनाथ, मुरबाड अशा प्रत्येक तालुक्यात सापडतील. बोरघाटात रेल्वेचे ठाकूरवाडी नावाचे ठिकाण आहे. पुण्याला जाताना अनेकांनी ती पाटी वाचली असेल.

ठाकरांचे दोन विभाग आहेत, क ठाकूर आणि म ठाकूर. शासनाच्या अनुसूचित जमातींच्या यादीतही ही दोन्ही नावे येतात. या अक्षरांचा उगम बोलण्यातील लकबीत आहे, असे सांगितले जाते. दोघांच्या चालीरीती व पेहराव निरनिराळे असून परस्परांत सोयरीक करण्याची रीत नाही. ठाकूर मूलतः शेतकरी आहे. पायथ्याशी खाचर असेल तर भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. पेरणीपूर्वी पालापाचोळा, शेण व फांद्या पसरून जमीन भाजावयाची, याला ‘राब’ म्हणतात. कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, जंगल खात्याने उतारावरचे तुकडे आदिवासींना कसावयास दिले. त्यांना ‘दळी’ जमिनी म्हणतात, आणि त्यांच्या मालकीचा प्रश्न पिढ्यान्पिढ्या लोंबकळत राहिलेला आहे.

वाघोबा, हिरवा, चेडा ही त्यांच्या देवतांची नावे. लावणीच्या वेळी एका घराचे काम सगळ्यांनी मिळून उरकावयाचे आणि मग पुढच्या घराकडे जावयाचे, या रीतीला कोकणात ‘सावड’ म्हणतात, घाटावर ‘इर्जिक’. क्वेचुआ भाषेत नेमका याच अर्थाचा शब्द आहे: ‘आयनी’. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. मजुरीचे पैसे नाहीत, पण हिशेब अगदी चोख. डोंगरात एकट्याने शेती होत नाही, हे पृथ्वीच्या दोन टोकांना माणसांनी आपापल्या परीने ओळखले.

डोंगराच्या पदरावर राहण्याची किंमतही मोठी आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याच्या पदरावरील इर्शाळवाडी या ठाकूर वस्तीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि शोधकार्य थांबवावे लागले. वाडीला मोटाररस्ता नव्हता. यंत्रे वर नेता येईनात, म्हणून जवानांनी आणि गिर्यारोहकांनी हातांनी माती उपसली. ज्या रचनेने तेथे पाणी व सपाटी दिली, त्याच रचनेतील वरचा उतार त्या रात्री खाली आला. मलंगगड ते माथेरान या ओळीवर अशा पदरांवरच्या वाड्या आजही आहेत, आणि प्रत्येक जुलै महिन्यात त्यांच्याविषयी आमच्या मनात धाकधूक असते.

खालच्या पायरीवर कातकरी

कातकरी राहतात ते सामान्यतः खाली, गावाच्या कडेला, ओढ्याच्या किंवा नदीच्या काठी. त्यांचे नाव काथावरून पडले. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून विड्यात घालावयाचा काथ तयार करणे हा त्यांचा पूर्वापार उद्योग. इंग्रजी अमलात, विशेषतः १८७८ च्या वन कायद्यानंतर, जंगले राखीव झाली आणि खैर तोडणे हा गुन्हा ठरला. एका समाजाचे नावच ज्या धंद्यावरून पडले होते, तो धंदा त्याच्या हातून गेला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, आणि त्यानंतर विटांच्या.

महाराष्ट्रातील तीन जमातींना केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून मान्यता दिली आहे: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. २०११ च्या जनगणनेत राज्यातील कातकऱ्यांची संख्या २ लाख ८५ हजारांच्या आसपास होती. म्हणजे आकड्याने हा समाज लहान नाही. त्याची असुरक्षितता निराळ्या कारणाने आहे. ठाकुराकडे थोडीफार का होईना, जमीन असते. कातकऱ्याकडे बहुधा घराखालचीही नसते. त्याची वाडी कोणा शेतकऱ्याच्या, जमीनदाराच्या किंवा सरकारच्या जागेवर तीन-तीन पिढ्या उभी असते आणि सातबाऱ्यावर तिचा मागमूस नसतो. खेड्यातील जमिनीला भाव नव्हता तोपर्यंत कोणी विचारले नाही. बदलापूर-कर्जत पट्ट्यात शेतघरे आणि गृहसंकुले उभी राहू लागली, तशी विचारणा होऊ लागली.

वर्षाचा त्यांचा क्रम असा. पावसाळ्यात लावणीची मजुरी, ओढ्यातले मासे-खेकडे, रानातल्या भाज्या. दिवाळी सरली, की वीटभट्टीचा मुकादम येतो. त्याच्याकडून पावसाळ्यातच ‘उचल’ घेतलेली असते. ती फेडण्यासाठी सबंध कुटुंब भट्टीवर जाते. कल्याण, भिवंडी, वांगणी, पनवेल, कोठेही. मुले सोबत जातात, शाळा मागे राहते. पहिल्या पावसाच्या तोंडाशी हिशेब होतो आणि बहुतेकदा काही बाकी उरतेच, ती पुढील वर्षाच्या खात्यावर जाते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. उचलीच्या या चक्राला कायद्याच्या पुस्तकात कोणते नाव द्यावयाचे, हे कायद्याच्या पंडितांनी ठरवावे.

या लोकांना रानाची जी विद्या अवगत आहे, तिची चव मात्र आपण सर्वच घेतो. जूनमध्ये बदलापूर आणि अंबरनाथ स्थानकांबाहेर शेवळे, भारंगी, कवळा, करटोली, टाकळा यांचे वाटे मांडून बायका बसतात. शेवळे नुसते शिजवले तर घसा खाजतो, त्यासाठी सोबत काकडाची फळे घालावी लागतात. एकदा आम्ही काकडाशिवाय शेवळांची जुडी उचलली, तेव्हा विकणाऱ्या मावशींनी ती आमच्या हातातून परत घेतली. “फादर, असं नाही न्यायचं,” असे बजावून त्यांनी मूठभर काकडे त्यात टाकली आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत. बदलापूरच्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधीच्या कित्येक उन्हाळ्यांत ते द्रोणांत भरून स्थानकापर्यंत आणले, ते बव्हंशी याच आदिवासी बायकांनी.

स्वातंत्र्यलढ्यातील नोंदही येथेच करावयास हवी. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेर येथे जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यातील हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. जंगलाचा कायदा मोडण्याचा सत्याग्रह हा कातकऱ्यासाठी शहरी सत्याग्रहीपेक्षा पुष्कळ जवळचा विषय होता. पुढे माथेरानचे भाई कोतवाल यांनी शेतकरी व आदिवासींना सावकारापासून सोडविण्यासाठी धान्यकोठाराची योजना चालविली. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले.

बोली

ठाकरांची बोली मराठीच्या पोटातली आहे; थोडे कान दिले की समजते. कातकऱ्यांची बोली त्याहून दूरची. तिचे मराठीशी नाते आहेच, पण भिल्ली आणि गुजराती यांच्याशीही आहे, आणि वाडीवर मोठी माणसे आपसात बोलू लागली तर शहरी मराठी माणूस गोंधळून जातो. पहिलीत बसलेल्या कातकरी मुलालाही पाठ्यपुस्तकाच्या मराठीसमोर तसेच होत असणार. राज्यघटनेच्या ३५० (क) या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी सोयी करण्याची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे.

या बाबतीत पेरूचे उदाहरण बोलके आहे. तेथे क्वेचुआला १९७५ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला आणि २०१७ च्या जनगणनेत सुमारे ३८ लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. त्या भाषेचे पहिले व्याकरण १५६० मध्ये छापले गेले, दोमिंगो दे सांतो तोमास या डॉमिनिकन धर्मगुरूने लिहिलेले. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले, ही गोष्ट वाचकांना ठाऊक आहेच. मिशनऱ्यांनी किनाऱ्यावरच्या बोलीकडे जेवढे लक्ष दिले, तेवढे डोंगरावरच्या बोलीकडे दिले नाही, हे आम्हाला कबूल केले पाहिजे. उल्हासनगरच्या सिंधी बांधवांनी आपल्या भाषेसाठी झगडा दिला आणि १९६७ मध्ये ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. तिला स्वतःचे राज्य नव्हते, पण बोलणारे जागरूक होते आणि त्यांच्यापाशी शाळा, छापखाने व दुकाने होती. वीटभट्टीवर यांपैकी काहीच नसते.

तालुक्याची सीमा

एका गोष्टीवर आम्ही थोडे थांबू इच्छितो, कारण पुढील काळात तिला फार महत्त्व येणार आहे. आदिवासीबहुल प्रदेशांना घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली ‘अनुसूचित क्षेत्र’ घोषित केले जाते. तेथे १९९६ चा ‘पेसा’ कायदा लागू होतो. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करावा लागतो, आणि गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क असतो. ठाणे जिल्ह्यात शहापूर हा संपूर्ण तालुका आणि मुरबाडमधील काही गावे या क्षेत्रात येतात. अंबरनाथ तालुका येत नाही. कर्जत, खालापूर, पनवेल नाहीत. रायगड जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्रच नाही. म्हणजे एकाच खोऱ्यातील दोन ठाकूरवाड्या, बोली एक, कुलदैवत एक, सोयरिकी एकमेकींत, पण एकीच्या ग्रामसभेला जो अधिकार आहे तो दुसरीच्या ग्रामसभेला नाही.

वन हक्क कायदा २००६ मात्र सर्वत्र लागू आहे, आणि त्याखाली ठाकरांच्या अनेक वाड्यांनी दावे दाखल केले. परंतु तो वनजमिनीपुरता आहे. ज्या कातकऱ्याची वाडी खासगी जागेवर आहे, त्याला त्याचा उपयोग होत नाही. त्याच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १२२ ची वाट आहे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनी वस्तीची जागा गावठाण म्हणून निश्चित करणे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने असुरक्षित आदिवासी गटांसाठी ‘पीएम-जनमन’ योजना सुरू केली. तीत घरकुले आहेत. पण घरकुल बांधावयाचे तर खाली जागा लागते, आणि गाडी पुन्हा त्याच प्रश्नापाशी येऊन अडते.

हे सारे आता लिहिण्याचे कारण पाणी हेच आहे. औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ मध्ये बारवी धरण बांधले, त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढविली आणि २०१९ मध्ये वाढीव उंचीपर्यंत ते प्रथमच भरले. मुरबाड तालुक्यातील तोंडली, काचकोली, मोहघर या परिसरातील वस्त्यांना त्यासाठी उठावे लागले. बाधित कुटुंबांतील एकेकास पाणी घेणाऱ्या संस्थांत नोकरी देण्याचे धोरण ठरले, ते दीर्घ आंदोलनानंतर. त्याच वर्षीच्या २७ जुलैला उल्हासच्या पुरात बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस हजारांहून अधिक प्रवाशांसह अडकली होती. पावसाळ्यात एवढे पाणी आणि मे महिन्यात टँकर, ही या खोऱ्याची स्थिती असल्याने आणखी धरणे हवीत, अशी मागणी शहरांकडून होत आली.

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कर्जत तालुक्यातील पोशीर आणि शिलार या दोन धरण प्रकल्पांना मान्यता दिली. पोशीरसाठी सहा हजार कोटींहून अधिक आणि शिलारसाठी साडेचार हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर झाले. यातील पाणी महानगर प्रदेशातील वाढत्या शहरांसाठी आहे. आपल्या तिन्ही शहरांना त्याची गरज नाही, असे कोणी म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. मात्र हा सर्व प्रदेश अनुसूचित क्षेत्राच्या बाहेर आहे, हे वर सांगितलेच. तेथील ग्रामसभेच्या हातात पेसाचा आधार नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात एक तरतूद आहे, ती येथे कामाची. ज्याच्या नावे जमीन नाही असे कुटुंबसुद्धा ‘बाधित कुटुंब’ ठरू शकते, जर ते संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राहत असेल किंवा काम करीत असेल आणि त्याच्या उपजीविकेवर परिणाम होत असेल. कातकऱ्याला न्याय मिळण्याची शक्यता या तरतुदीत आहे. अडचण आहे ती पुराव्याची. शिधापत्रिका, मतदारयादी, शाळेचा दाखला यांतून वास्तव्य सिद्ध करावे लागेल, आणि वर्षातील सहा-सात महिने हे कुटुंब भट्टीवर असते. बाधितांची मोजणी करणारा कर्मचारी जानेवारीत वाडीवर गेला, तर त्याला काही दारांना कुलपे दिसतील, काही झोपड्या नुसत्या काट्यांनी बंद केलेल्या दिसतील, आणि एखादी म्हातारी बाहेर बसलेली आढळेल. माणसे परततात ती जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि वाडीवर तेव्हाच गेले पाहिजे.